दोन वह्यांची गाडी

आमच्या गाडीचं ऑइल काळं पडत नाही, हे मी नऊ वर्षं टॅक्सी स्टँडवर सगळ्यांना ऐकवलं. कुणी विचारलं म्हणून नव्हे. विचारायची वाट बघत बसले असते तर तोंडाला बुरशी आली असती. कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की मी जाऊन शेजारी उभी राहायचे, त्याचं डांबरासारखं ऑइल बघून चुकचुकायचे आणि सांगायचे की बाबा रे, माझी गाडी सात लाख किलोमीटर चाललीय, मी पाच हजारांनी ऑइल काढते, आणि ते काढतानासुद्धा कोऱ्या चहासारखं असतं.

स्टँडवर एक जण आहे, त्याला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण त्याला बंद करायचं बटण नाही. तो दर वेळी विचारायचा, "काय घालतेस तरी काय त्यात?" मी नाक वर करून म्हणायचे, "वडिलांची गाडी आहे." जसं काही वडील इंजिनात बसून गाळणं घेऊन ऑइल गाळत होते.

पण मला खरंच तसं वाटायचं. बाबांनी ही गाडी कोरी घेतली आणि तीन लाख दहा हजार किलोमीटर एकट्याने चालवली. मी आणि धाकटा, दोघंही तिच्या मागच्या सीटवर अभ्यास करून मोठे झालो. बाबा गेले तेव्हा मी एका कारखान्याची व्हॅन चालवत होते आणि धाकटा कुरियरची. कागदावर त्यांनी लिहून ठेवलं होतं, गाडी दोघांची. बस, एवढंच. कुणी कधी चालवायची, कुणी बघायची, काही नाही. बाबा कमीच बोलायचे, आणि त्याची सगळी भरपाई आम्ही दोघांनी पुढच्या आठवड्यात केली.

घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. काकांनी सहज विचारलं, आता गाडी सांभाळणार कोण? मी म्हटलं, "याच्या हातात दिली तर वर्षभरात भंगार होईल." धाकटा म्हणाला, "हिच्या हातात दिली तर सहा महिन्यांत." काकांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यानंतर आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. नऊ वर्षं. लोक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवरून? हो, एवढ्याशाच. मोठ्या गोष्टीवरून झालं असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं तरी असतं.

गाडी मात्र दोघांची होती, दोघांनीही नोकऱ्या सोडल्या आणि दोघांचंही घर तिच्यावर चालायला लागलं. मग सोय झाली ती आईच्या स्वयंपाकघरात. सकाळी सहा ते दुपारी दोन मी चालवणार, दोन ते रात्री दहा तो. गाडी आईच्या खिडकीखाली गल्लीत लावायची, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची. दोन वाजता मी जेवायला बसलेली असायचे आणि तो मोरीत हात धूत असायचा. मध्ये चार पावलं. मी आईला म्हणायचे, त्याला सांग मागच्या डाव्या चाकाकडे बघायला. तो आईला म्हणायचा, तिला सांग कालच बघितलंय. आई म्हणायची, मी काय टेलिफोन आहे का, आणि पोळी तव्यावर टाकायची.

बाकी आमचं बोलणं सीटवरून चालायचं. तो ताडमाड उंच, मी चार फूट अकरा. रोज सकाळी सीट इतकी मागे असायची की माझे पाय लोंबकळायचे. मी त्याच्या नावाने शंख करत ती पुढे ओढायचे. रोज दुपारी तो बसायला गेला की त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आपटायचे, आणि खिडकीतून ते ऐकून माझं जेवण गोड व्हायचं.

आता ऑइलचं सांगते. भांडण झालं त्याच आठवड्यात मी मनाशी ठरवलं, हा काही गाडीकडे बघणार नाही, आपल्यालाच बघावं लागणार. बाबांच्या ओळखीचे एक म्हातारे फोरमन आहेत, त्यांच्या गॅरेजमधला खड्डा त्यांनी मला सकाळी वापरायला दिला. काटा तीन लाख दहा हजारांवर होता. मी खाली उतरले, नट सोडला, जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नवं भरलं. एक वही केली, तिच्यात आकडा आणि तारीख लिहिली. तेव्हापासून दर पाच हजारांनी, न चुकता. पाऊस असो, ताप असो, कंबर धरलेली असो. ब्रेक, पट्टा, रेडिएटरचं पाणी, सगळं मी. ती वही मी आईच्या टेबलाच्या खणात ठेवायचे, आणि धाकट्याला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आईला बजावून ठेवलं होतं. त्याला कळलं असतं तर तो आणखी निवांत झाला असता ना. मी राबतेय आणि तो शीळ वाजवत गाडी पळवतोय, एवढं सुख त्याला देण्याइतकं माझं मन मोठं नव्हतं.

आणि गाडी अशी चालली की विचारू नका. आमच्याबरोबरच्या गाड्या तीन लाखांना धापा टाकायला लागल्या, चार लाखांना मोडीत गेल्या. आमची पाच, सहा, सात. ऑइल काळं नाही. रेडिएटरचं पाणी कधी कमी नाही. चाकांतली हवा जशीच्या तशी. मी रोज सकाळी स्टार्टर मारताना डॅशबोर्डवर हात ठेवायचे आणि मनात म्हणायचे, बाबा, तुम्ही आहात म्हणून.

मग नवा नियम आला. सात लाखांच्या वर गेलेली टॅक्सी पासिंगला न्यायची तर देखभालीची पूर्ण नोंद दाखवायची. नोंद खरी निघाली तर परवाना पुढे चालू, नाहीतर गाडी मोडीत. मध्ये काही नाही. माझं वय एकोणपन्नास. कारखान्याच्या व्हॅन आता पंचविशीतली मुलं चालवतात, मला कुणी उभं केलं नसतं. आणि ही गाडी गेली असती तर ती फक्त रोजीरोटी गेली नसती. पण मला भीती म्हणून वाटली नाही. माझ्याकडे वही होती! एकही खाडाखोड नसलेली. मी एका सकाळी गाडी धुऊन, वही काखोटीला मारून, मिरवतच गेले.

तपासायला एक बाई होत्या. चष्मा दोरीला बांधून गळ्यात लटकवलेला, बोलणं मोजकं. त्यांनी वही चाळली, मान डोलावली. मग बॉनेट उघडलं, ऑइल बघायची पट्टी बाहेर काढली आणि तिच्यावरचा एक थेंब टिपकागदावर सोडला. थेंब पसरायला लागला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. मग त्या गाडीखाली गेल्या, चाकं काढायला लावली, रेडिएटरचं झाकण उघडलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढला होता.

"तुमच्या वहीप्रमाणे हे ऑइल चार हजार आठशे किलोमीटर चाललेलं आहे," त्या म्हणाल्या. "हा डाग फार तर अडीच हजारांचा आहे."

मी हसले. अगदी कौतुकाने हसले. म्हटलं, मॅडम, आमच्या गाडीचं ऑइल काळंच पडत नाही.

"असं ऑइल नसतं," त्या म्हणाल्या.

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. मग त्यांनी एकेक काढायला सुरुवात केली. वहीत ब्रेकचे लायनर पस्तीस हजार किलोमीटरांपूर्वी घातलेले होते, गाडीत होते ते नवेकोरे. वहीत रेडिएटरचं पाणी वर्षापूर्वी बदललेलं, गाडीतलं ताजं. गाडी उत्तम आहे, त्या म्हणाल्या, पण ही वही या गाडीची नाही, ही घरी बसून लिहिलेली दिसते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कचेरी पाचला बंद होते, तोवर खरी नोंद आणलीत तर बघते, नाहीतर मला हा अर्ज नामंजूर करावा लागेल.

मी गाडीत येऊन बसले. आधी बाईंवर चिडले, मग ऑइलवर चिडले, आणि मग तो टिपकागदावरचा डाग डोळ्यांसमोर आला. असं ऑइल नसतं. म्हणजे कुणीतरी बदललेलं असतं. ब्रेकचे लायनर काही रात्रीतून उगवत नाहीत. आणि या गाडीची किल्ली एका खिळ्याला असते, तिथून ती दोघंच घेतात.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद नाही झाला. राग आला. नऊ वर्षं मी ज्याला बाबांचा आशीर्वाद म्हणत होते, ते त्या लांबड्याचं काम होतं!

दोन वाजता मी आईकडे पोचले. ताट वाढलेलं होतं, मी बसले नाही. धाकटा मोरीत हात धूत होता. मी चार पावलं चालून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

"ऑइल कधी बदललंस?"

नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य. त्याने नळ बंद केला. मग वळला तेव्हा साबणाचा फेस कोपरापर्यंत तसाच होता.

"पंधरा दिवस झाले," तो म्हणाला. "का? तुला काय करायचंय?"

मी सांगितलं. सगळं, एका दमात, पासिंगपासून टिपकागदापर्यंत. माझ्याकडे वही आहे हे ऐकल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की जणू कुणीतरी त्याच्या गुडघ्यावर स्टिअरिंग आपटलंय. कसली वही, तू कधीपासून करतेस, असं तो विचारायला लागला, आणि तेवढ्यात आई उठली. तिने टेबलाच्या खणातली माझी दुसरी, आधीची भरलेली वही काढली. मग स्टूल ओढलं, त्यावर चढली, कपाटावरच्या चादरींच्या चळतीखाली हात घातला आणि तशाच दोन वह्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांच्यावर धाकट्याचं किरटं अक्षर होतं.

"एकाची खणात, एकाची कपाटावर," ती म्हणाली. "नऊ वर्षं धूळ मी पुसतेय."

मी म्हटलं, आई, तू सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही दोघांनीही सांगू नको म्हणून बजावलं होतंत, आणि मी टेलिफोन नाही. मग तिने माझं ताट झाकून ठेवलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

त्याच्या वहीतली पहिली नोंद तीन लाख साडेबारा हजारांची होती. माझ्यानंतर तीन आठवड्यांनी. मी काही करत नाही, अशी खात्री झाल्यावर त्याने सुरुवात केली होती, त्याच्या जुन्या कुरियर कंपनीच्या गॅरेजात. तोसुद्धा पाच हजारांनीच, बाबांनी दोघांना तेच शिकवलं होतं. माझा नंबर पाच हजारांवर, त्याचा अडीच हजार पुढे. नऊ वर्षं त्या इंजिनाला बिचाऱ्याला काळं ऑइल म्हणजे काय हे कळलंच नव्हतं.

दोन वाजून गेले होते, म्हणजे गाडी त्याची. तो चालवायला बसला, मी शेजारी. त्या सीटवर मी बाबा असतानाच शेवटची बसले होते. सीट मागे ढकलताना त्याने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. चौथ्या सिग्नलला तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला की संध्याकाळच्या स्टँडवर तो सगळ्यांना सांगतो, आमच्या गाडीचं ऑइल काळं पडत नाही. मी त्याच्याकडे बघितलं. मला हसू आवरेना. त्यालाही आवरेना. सिग्नल सुटला तरी आम्ही तिथेच, मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले.

मग तो म्हणाला, "तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, वर्षभरात भंगार होईल. मला वाटलं, निदान एवढं तरी होऊ द्यायचं नाही."

मीही नेमकं तेवढ्यासाठीच करत होते. डोळे भरून आले ते पदराने पुसले आणि त्याला सांगितलं की पुढे बघून चालव.

तपासणीच्या बाईंनी चारही वह्या टेबलावर दोन दोन करून मांडल्या. एक बोट माझ्या वहीवर, एक त्याच्या. माझी नोंद, त्याची नोंद, माझी, त्याची. ब्रेकचे लायनर त्याच्या वहीत सापडले, रेडिएटरचं पाणीही. अर्ध्या तासाने त्यांनी मान वर केली आणि विचारलं की तुम्ही दोघं सख्खे भाऊबहीण आहात ना? दोघंही हो म्हणालो. मग एकमेकांना विचारत का नाही? यावर त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, मी त्याच्याकडे. त्यांनी तीन महिन्यांचा परवाना दिला. म्हणाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा या, आणि मेहरबानी करून हा घोळ बंद करा. एकच वही ठेवा, दोघांच्या सह्यांची.

आम्ही येताना लाल पुठ्ठ्याची एक छान जाड वही घेतली. पहिल्या पानावर दोघांनी सह्या केल्या आणि आईला दाखवली. मला वाटलं आई रडेल. आईने वही उलटसुलट करून बघितली.

"एकच वही?" ती म्हणाली. "मग आता गाडीचं काही खरं नाही."

मला इतका राग आला म्हणून सांगू. चांगल्या वेळी तोंड वाकडं करायची हिची सवय, असं मी धाकट्याला फोनवर म्हटलं. हो, फोनवर! आता आम्ही फोन करत होतो. तो निघताना सीट माझ्यासाठी पुढे ओढून ठेवायला लागला आणि मी त्याच्यासाठी मागे. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो, आईला एकही निरोप द्यावा लागत नव्हता. त्याची मुलगी माझ्याकडे येऊन राहिली. नऊ वर्षांचं साठलेलं होतं, त्यामुळे कशाकशावर बोलत होतो याला धरबंध नव्हता. त्या दिवसांत मी इतकी खूश होते की रेडिओलासुद्धा मध्ये तोडत नव्हते.

पासिंगला दहा दिवस राहिले होते. सकाळचे साडेनऊ. मागे एक गृहस्थ बसले होते, त्यांना डॉक्टरांकडे पोचायचं होतं. एका वळणावर गाडी कलली आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. लगेच विझला. पुढच्या वळणावर पुन्हा लागला. सात लाख चोवीस हजार किलोमीटरांत चालत्या गाडीत तो दिवा मी कधी पेटलेला बघितला नव्हता. मी गाडी कडेला घेतली, गृहस्थांना दुसरी टॅक्सी थांबवून दिली, आणि बॉनेट उघडलं.

पट्टी बाहेर काढली. अगदी टोकाला जेमतेम ऑइल होतं. काळं. स्टँडवर मी ज्याच्याकडे बघून चुकचुकायचे तसलं, डांबर.

मी पट्टी पुसून पुन्हा बुडवली, पुन्हा काढली, तेच. मग धाकट्याला फोन लावला.

"ऑइल कधी बदललंस?"

मग तो हळूच म्हणाला, "मी? मला वाटलं, तू बदललंस."

लाल वही गाडीच्या कप्प्यात होती. मी उघडून बघितली. पहिल्या पानावर दोन सह्या, आणि पुढे सगळी पानं कोरी करकरीत. साडेअकरा हजार किलोमीटर झाले होते. मी म्हटलं होतं, धाकटा किती काळजीने करतो, आपण कशाला मध्ये पडा. त्याने म्हटलं होतं, ताई आहे ना. नऊ वर्षं एकमेकांना पाण्यात बघत होतो तेव्हा गाडीला कधी काही कमी पडलं नाही, आणि तीन महिने एकमेकांवर विश्वास टाकला तर तिचा जीव घ्यायची वेळ आणली.

तो ऑइलचा डबा घेऊन बसने आला. पायात दोन वेगळ्या चपला. आम्ही आहे त्यात पातळीपुरतं भरलं आणि पायी चालावं तशा वेगाने गाडी फोरमनच्या गॅरेजला नेली. फोरमननी इंजिन चालू करायला सांगितलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. डोळे मिटले. आम्ही दोघं दोन बाजूंना उभे. डॉक्टर आतून बाहेर येईपर्यंत बाबांच्या वेळी आम्ही असेच उभे होतो, हे मला तेव्हा आठवलं, आणि त्याच्याकडे बघितल्यावर कळलं की त्यालाही तेच आठवलंय.

फोरमन म्हणाले, आत काही लागलेलं नाही, पण आणखी हजारभर चालली असती तर आज घरी न्यायला काही उरलं नसतं. मग त्यांनी आम्हा दोघांना शिव्या घातल्या. मन लावून, बाबांचं नाव घेऊन घातल्या. आम्ही खाली मान घालून ऐकल्या, कारण प्रत्येक शिवी हक्काची होती.

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच खड्ड्यात उतरलो. मी नट सोडला, त्याने फिल्टर फिरवला. काळं ऑइल तसराळ्यात पडत होतं आणि दोघंही त्याच्याकडे बघत होतो. हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"ताई," तो म्हणाला, "बाकी काय वाट्टेल ते बोल. पण यापुढे ऑइलचं माझ्याशी एक अक्षर बोलू नकोस."

मी म्हटलं, "तूही नको."

लाल वही आम्ही त्याच्या मुलीला चित्रं काढायला दिली. मी नवी वही केली आणि आईच्या खणात ठेवली. त्याने काय केलं ते मी विचारलं नाही. आईलाही विचारलं नाही. आई आपणहून एवढंच म्हणाली की तिला आता स्टुलावर चढवत नाही, तेव्हा चादरी जरा खालच्या फळीवर घेतल्यात.

पासिंगच्या दिवशी सकाळी मी खण उघडला तर माझ्या वहीशेजारी त्याच्याही सगळ्या वह्या होत्या, दोरीने बांधून. मी माझ्या वह्या घेतल्या आणि तो गठ्ठाही न सोडता तसाच नेला. बाईंनी तो सोडला, चष्मा लावला आणि कपाळाला आठी घातली. मी एक वही ठेवायला सांगितलं होतं, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, एका वहीवर ही गाडी चालत नाही. त्यांनी थेंब टिपकागदावर सोडला, वाट बघितली, समाधान झालेलं दिसलं. मग नोंदी तपासताना त्यांचं बोट साडेअकरा हजारांच्या त्या रिकाम्या जागेवर थांबलं. आम्ही ती लपवली नव्हती. खोटं लिहिलं असतं तर लिहिता आलं असतं, पण ते माझ्याच्याने झालं नसतं.

"इथे काय झालं?" त्यांनी विचारलं. "नऊ वर्षांत एकदाही चुकला नाहीत, आणि या तीन महिन्यांत ऑइलच बदललं नाही?"

"या तीन महिन्यांत आमचं बोलणं सुरू झालं होतं, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वह्यांकडे. तोंडावर कागद धरून हसल्या त्या, मी बघितलं. आणि शिक्का मारला. पूर्ण वर्षाचा.

परवा काटा सात लाख एकोणतीस हजारांवर आला. सकाळी मी फोरमनच्या खड्ड्यात उतरले. रेडिओ त्याची गाडी घेऊन तिथेच आला होता, त्याचा पट्टा तुटला होता आणि तोंड चालू होतं. मी नट सोडला. ऑइलची धार पडायला लागली. तांबूस, आरपार दिसणारी, कोऱ्या चहासारखी. अडीच हजारांपूर्वी कुणीतरी बदललं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. आदल्याच दुपारी आम्ही जेवताना तासभर गप्पा मारल्या होत्या, पोरीची परीक्षा, आईचे गुडघे, जगातलं सगळं. हे सोडून.

रेडिओ वाकून बघायला लागला. "अजून काळं पडत नाही? काय घालतेस तरी काय त्यात?"

नेहमीचं उत्तर तोंडात आलं होतं. ते मी गिळलं.

"मला एक भाऊ आहे," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. तो पुन्हा त्याच्या पट्ट्याबद्दल बोलायला लागला. मी नट घट्ट केला, नवं ऑइल भरलं, हात पुसले, आणि वहीत आकडा लिहिला.